फोन कोरडा राहू दे! ट्रेकसाठी वॉटरप्रूफ कॅमेरा निवडताना

 

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. पावसाळा जवळ आला की एक मेसेज हमखास येतो, "ताई, ट्रेकला न्यायला एखादा वॉटरप्रूफ कॅमेरा सुचव ना." मॉडेलचं नाव सांगून मोकळी झाले असते, पण या बाबतीत मी दोनदा तोंडावर पडलेय. एकदा फोन गेला, एकदा कॅमेरा. त्यामुळे आधी त्या दोन गोष्टी सांगते, मग आकड्यांकडे वळू.

पहिली गोष्ट जुलैमधली. आम्ही चौघं लोणावळ्याहून चालत राजमाचीला गेलो. रात्री उधेवाडीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या बाजूने खाली उतरायचं आणि कर्जतहून ट्रेन पकडायची, असा साधा प्लॅन. धुकं, धबधबे, हिरवंगार रान! फोन हातातून खाली ठेवायला जीव होत नव्हता. आणि मला भीती कसली? खोक्यावर आयपी ६८ लिहिलं होतं ना.

दुपारी एकच्या सुमारास स्क्रीनवर आडव्या रेषा आल्या. मग हिरवट रंग आला. मग काळोख.

तेवढ्यावर भागलं असतं तर फक्त हळहळ वाटली असती. पण उतरताना आमच्यातल्या एकीचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि घोटा मुरगळला. आता बघा, ऑफलाइन नकाशा माझ्या फोनमध्ये. खाली गावातून न्यायला येणाऱ्या गाडीवाल्या दादांचा नंबर माझ्या फोनमध्ये. यूपीआयचे पैसे माझ्या फोनमध्ये. बाकीच्यांपैकी एकाच्या फोनला रेंज नाही, दुसरीचा चार टक्क्यांवर, आणि तिसऱ्याने आदल्या रात्रीच रील काढून बॅटरी संपवलेली.

दीड तासाच्या उतरणीला आम्हाला चार तास लागले. खाली गावात एका काकूंनी चहा पाजला, त्यांच्या मुलाने टेम्पोतून कर्जतला सोडलं, आणि चौघांच्या खिशातली ओली नोट न् नोट जमवून आम्ही त्याला डिझेलचे पैसे दिले. पाय फक्त मुरगळला होता, मोडला नव्हता, हे नशीब. स्टेशनवर एकाचा फोन चार्ज करून मी घरी लावला. आईचा नंबर तेवढा पाठ होता. तिने माझ्या रूममेटला तोवर अकरा वेळा फोन केला होता.

माझा आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने विचारलं, "फोन बंद कशाने पडला गं?"

"पावसात फोटो काढत होते."

ती जरा थांबली आणि म्हणाली, "अगं मग, फोटो काढायला दुसरं काही मिळत नाही का?"

मंडळी, मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे सिस्टीम डिझाइन करताना पहिल्याच दिवशी शिकवतात, "सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर" ठेवू नका. म्हणजे अशी एक जागा, जी पडली की सगळंच पडतं. ऑफिसात मी त्याच्यावर प्रेझेंटेशन देते. आणि डोंगरात? नकाशा, पैसे, टॉर्च, आईचा फोन आणि धबधब्याचा फोटो, सगळं एकाच ओल्या डब्यात! तेव्हा आजच्या भागातली मुख्य गोष्ट ऐका. रफ वापराचा वॉटरप्रूफ कॅमेरा आपण फोनपेक्षा भारी फोटोसाठी घेत नाही. फोन बॅगेत कोरडा राहावा म्हणून घेतो.

आता तुम्ही म्हणाल, फोन आयपी ६८ होता ना, मग गेला कसा?

आयपीच्या पुढच्या दोन आकड्यांपैकी पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ मधला ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ६८ मधला ८ म्हणजे त्याहून कठीण परीक्षा, पण नेमकं किती खोल आणि किती वेळ, हे कंपनीने ठरवून सांगायचं असतं. म्हणजे दोन ६८ वाले फोन सारखेच असतील असं नाही. शिवाय ही चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, गोड्या आणि स्थिर पाण्यात होते. माझा फोन दोन वर्षांचा, दोनदा पडलेला, आणि आठ महिन्यांपूर्वी डिस्प्ले बदलून घेतलेला. फोन उघडला की आतलं चिकट सील तुटतं, आणि ते पहिल्यासारखं बसेलच याची खात्री नसते. खोक्यावरचा आकडा तसाच राहिला, आतलं सील मात्र कधीच गेलं होतं. आणि पाणी गेल्याची दुरुस्ती बऱ्याच कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

मग हे कॅमेरे वेगळं काय करतात?

साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची लेन्स चालू केल्यावर नळीसारखी बाहेर येते. जिथे काही सरकतं तिथे फट असते, आणि फट असली की पाणी, वाळू, धूळ. या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर येतच नाही. पुढे एक जाड काच, आतमध्ये प्रकाश काटकोनात वळवायची सोय, आणि झूमची सगळी हालचाल बॉडीच्या आत. म्हणून तो सीलबंद राहू शकतो. पण याची किंमत मोजावी लागते. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणजे सेन्सर लहान. बहुतेकांत तो १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६ बाय साडेचार मिलीमीटर, करंगळीच्या नखाहूनही लहान. आजकालच्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याच्या अडीचपट असू शकतो. त्यामुळे संध्याकाळच्या अंधारात, चेहऱ्यांच्या फोटोत, तुमचा फोन या कॅमेऱ्याला सहज हरवेल. हे आधीच मान्य करा, नाहीतर घेतल्यावर चिडचिड होईल.

मग तो जिंकतो कुठे? मुसळधार पावसात स्क्रीनवर थेंब पडले की फोन आपोआप काहीही उघडतो, बरोबर? पाण्याखाली तर टचस्क्रीन चालतच नाही. इथे खरीखुरी बटणं असतात, ओल्या हाताने दाबता येतात. चिखलात पडला तर नळाखाली धुता येतो. आणि जवळून फोटो! त्याकडे येतेच.

आता दुसरी गोष्ट. आईचा प्रश्न मी मनावर घेतला, पण खिशाकडे बघून. ऑनलाइन एक जुना वॉटरप्रूफ कॅमेरा मिळाला, सहा-सात वर्षांचा. पंधरा मीटरपर्यंत चालतो असं त्यावर लिहिलेलं. अकरा हजारांत सौदा झाला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. डिसेंबरात आईला घेऊन तारकर्लीला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग. आईला पाण्याची भीती. लाइफ जॅकेट घालून, होडीतल्या दादांचा हात घट्ट धरून ती कशीबशी उतरली आणि शेवटी एकदाचं तोंड पाण्यात घातलं. मी फोटो काढत होते. माणूसभर खोल पाणीसुद्धा नव्हतं. वीस मिनिटांत लेन्सच्या आत वाफ धरली, मग स्क्रीनच्या खालच्या कडेला पाण्याची एक रेघ दिसली. संपलं.

पंधरा मीटरवाला कॅमेरा दीड मीटरमध्ये कसा बुडाला?

तुमच्या घरात प्रेशर कुकर आहे ना? कुकर कितीही भारी असू दे, झाकणाची रिंग सैल झाली किंवा तिच्यावर भाताचं एक शीत अडकलं की शिट्टी होत नाही, बाजूने फसफस होतं. कॅमेऱ्याचंही अगदी तेच. बॅटरीच्या झाकणाला आतून एक रबरी रिंग असते. सगळं वॉटरप्रूफपण तिच्यावर. वाळूचा एक कण, एक केस, पुसायच्या फडक्याचा एक धागा मध्ये आला की पाण्याला वाट मिळाली. आणि रबर म्हटलं की ते म्हातारं होतंच. टफ मालिकेचे उत्पादक तर हे सील दरवर्षी बदलून घ्यायला सांगतात. माझ्या सेकंड हँड कॅमेऱ्यातलं सील सहा-सात वर्षांचं, आणि आदल्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर बसून वाळूच्या हातांनी कार्ड बदललेलं. पंधरा मीटर हा आकडा नव्या, स्वच्छ सीलचा असतो.

आता दुधाने तोंड पोळलंय म्हणून ताकही फुंकून पिते. पण त्यातून निवडायची एक पद्धत हाती लागली. स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न, गेल्या वर्षभरात किती दिवस फोन बाहेर काढायची भीती वाटली? खरंच मोजा. चार-पाच दिवसच असतील तर कॅमेरा घेऊ नका. चांगली वॉटरप्रूफ पाउच घ्या, आधी आत कोरडा टिश्यू घालून बादलीत बुडवून तपासा, आणि जमल्यास घरातला जुना फोन फोटोंसाठी वापरा. मुख्य फोन बॅगेत. काम झालं, पैसे वाचले. पण दर पावसाळ्यात सात-आठ ट्रेक, कयाक, नदी, समुद्र, बर्फ असं चालू असेल तर पुढे ऐका.

दुसरा प्रश्न, पाणी तुमच्या अंगावर येणार आहे की तुम्ही पाण्यात जाणार आहात? पावसाला, धबधब्याला, राफ्टिंगला यातला कुठलाही कॅमेरा पुरतो. तिथे वीस मीटर, तीस मीटर या आकड्यांना जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. स्नॉर्कलिंगलाही दहा मीटरवाला भरपूर झाला. स्कूबाचं गणित वेगळं. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे पंधरा मीटरवर पृष्ठभागाच्या अडीचपट. आणि ओपन वॉटरचा कोर्स केलात तर तुम्ही अठरा मीटरपर्यंत जाऊ शकता. तिथे पंधरा मीटरवाला कॅमेरा उघडा नेलात तर तो धोका तुमचा. वेगळं हाउसिंग लागतं.

तिसरा प्रश्न, तुम्ही नक्की कशाचे फोटो काढता? धावता व्हिडिओ, सायकलवरून, हेल्मेटवरून असं असेल तर गोप्रोसारखा अ‍ॅक्शन कॅमेरा घ्या. हिरो मालिकेतले बरेच कॅमेरे केसशिवायही दहा मीटरपर्यंत चालतात, पण त्यात ऑप्टिकल झूम नाही, फ्लॅश नाही. रात्रीचे कॅम्पफायरभोवतीचे चेहरे काढायचे असतील तर फोनच बरा. आणि किडे, बेडूक, कोळी, अळंबी, पानावरचा थेंब असं असेल तर रफ कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला तोड नाही.

आता नावं घेऊ.

ओएम सिस्टीमचा टीजी-७. ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला, त्यांचा हा २०२३ चा कॅमेरा. १२ मेगापिक्सेल, ४ पट झूम, १५ मीटर पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोचं वजन आणि उणे १० अंश थंडी सोसतो, असं कंपनी सांगते. वजन पाव किलो. आधीच्या टीजी-६ पेक्षा मोठा फरक म्हणजे यूएसबी-सी आलंय, त्यामुळे फोनचीच केबल आणि पॉवर बँक चालते. हाउसिंग घेतलं तर ४५ मीटरपर्यंत नेता येतो.

दुसरा, रिकोचा डब्ल्यूजी-८० किंवा जवळपास तसाच पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-९०. १६ मेगापिक्सेल, १४ मीटर, ५ पट झूम, १.६ मीटरवरून पडणं. लेन्सभोवती छोटे एलईडी दिवे, जवळच्या फोटोला फार उपयोगी. किंमत बरीच कमी.

मग जास्त पैसे का द्यायचे? मेगापिक्सेल तर स्वस्तात जास्त आहेत! इथेच फसायला होतं. बघायचा आकडा वेगळा आहे. झूम न करता टीजीची लेन्स एफ २ पर्यंत उघडते, डब्ल्यूजीची एफ ३.५ पर्यंत. ऐकायला फरक छोटा, पण प्रकाश तिप्पट येतो. आपला वापर कुठे? जुलैमधलं जंगल, वर ढग, खाली झाडी, भर दुपारी अंधार. तिथे तिप्पट प्रकाश म्हणजे फोटो स्पष्ट येणं आणि हलणं यातला फरक. शिवाय टीजीमध्ये रॉ फाइल मिळते, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करता येतात. पाण्याखाली हे लागतंच, कारण लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाणी शोषून घेतं आणि सगळं निळं-हिरवं दिसतं. उपाय साधा, अंडरवॉटर मोड लावा आणि जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

जवळ जाण्यावरून आठवलं, टीजीचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटीमीटरवरही फोकस करतो. कास पठारावर सीतेची आसवं नावाचं निळंजांभळं फूल पाहिलंय? नखाएवढं असतं. वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसून, फुलं न तुडवता, मी एकदा त्याचा फोटो घेतला. पाकळीवरच्या रेषा मोजता येत होत्या. त्या दिवशी मला कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

हो, शेवटी मी टीजी-७ घेतला. आधी एका मित्राचा टीजी-६ महिनाभर वापरून, बोनस आल्यावर, नवा आणि बिलासकट. अमेरिकेत तो ५५० डॉलरला आला होता. म्हणजे त्या पैशात एक बऱ्यापैकी फोन येतो, हे विसरू नका. त्यात कार्ड, जादा बॅटरी आणि तरंगणारा पट्टा धरा. जादा बॅटरी का, तर एका चार्जमध्ये प्रमाण चाचणीनुसार ३३० च्या आसपास फोटो निघतात आणि थंडीत त्याहून कमी. हिवाळ्यात केदारकंठाला जाणार असाल तर बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. आणि पट्टा का, तर हे कॅमेरे पाण्यात बुडतात! कॅमेरा सुखरूप आणि तुम्ही वर, असं नको.

जुना घ्यायचाच असेल, उदाहरणार्थ निकॉनचा डब्ल्यू३००, जो ३० मीटरवाला होता पण आता नवा मिळत नाही, तर आधी एक गोष्ट शोधा. त्याचं सील बदलून कोण देईल? उत्तर मिळालं नाही तर तो पावसातला कॅमेरा समजा, पाण्यातला नव्हे. आणि दोन-तीन हजारांत "वॉटरप्रूफ, ४८ मेगापिक्सेल" म्हणणाऱ्या अनोळखी नावांपासून लांब राहा. त्यातले बरेच आकडे सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात.

घेतल्यानंतरची सवय आता पाठ करा. निघण्याच्या आदल्या रात्री घरी, कोरड्या हवेत, बॅटरी आणि कार्ड घाला. मोबाइलच्या टॉर्चखाली रबरी रिंग बघा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, झाकण लावा, लॉक झालं का दोनदा बघा. मग दिवसभर उघडायचं नाही. किनाऱ्यावर दमट हवेत उघडलंत तर तीच हवा आत कोंडते आणि थंड पाण्यात लेन्सला वाफ धरते. पावसात पॉवर बँक लावायची नाही, कारण त्यासाठी झाकण उघडावं लागतं. समुद्रातून आल्यावर झाकण बंद ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवा, आतच बटणं दाबा म्हणजे मीठ निघतं. पुसा, सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको, ऊन नको. कॅमेरा जोरात आपटला असेल तर पाण्यात नेण्याआधी झाकण आणि काच तपासा. आणि सील वर्षातून एकदा बदला.

आता मी डोंगरात कशी जाते सांगते. कॅमेरा गळ्यात. फोन झिपलॉकमध्ये, बॅगेच्या आत, फ्लाइट मोडवर, पूर्ण चार्ज. नकाशा दोघांच्या फोनमध्ये. गाडीवाल्यांचा आणि घरचा नंबर कागदावर, आणि पाचशेच्या दोन नोटा वेगळ्या. कॅमेरा घ्या न घ्या, हे शेवटचं तरी कराच, त्याला काही खर्च नाही.

आणि तारकर्लीचं कार्ड? दोन दिवस वाळवलं आणि लॅपटॉपने ते वाचलं. कॅमेरा गेला, पण फोटो राहिले. शेवटच्या फोटोत आईने मास्क लावलाय, गाल फुगवलेत आणि एक हात माझ्याकडे केलाय. वाफ धरल्यामुळे सगळं धूसर, निळंशार. आईने तोच डीपी ठेवलाय. परवा म्हणाली, "आता नवीन घेतलायस ना, मग परत कधी जायचं?"

तर मंडळी, तुम्ही कुठला कॅमेरा वापरता, कुठे बुडवलात, व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन. तोवर भिजा भरपूर, पण फोन कोरडा ठेवा. भेटू!